नाण्यावरची चूक आणि तिचे मोल

सुट्या पैशांत आलेल्या दोन रुपयांच्या नाण्यावर सिंहमुद्रेला छेदून जाणारी बारीक रेघ दिसते. अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. मग नाणे जपून ठेवायचे की वाण्याला देऊन टाकायचे?

अनुभवी संग्राहक सहसा ‘देऊन टाका’ म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. टांकसाळीतले यंत्र ठशाने दाबून मिनिटाला शेकडो नाणी पाडते. ठसा तडकला की धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठते. ठशाच्या खाचेत वंगण साचले की अक्षर पुसट होते. ठसा बदलेपर्यंत तोच दोष पुढच्या नाण्यांवर उतरत राहतो. इतक्या नाण्यांवर असलेली खूण दुर्मीळ कशी म्हणायची?

तरीही सगळ्या चुका एका मापाने मोजू नयेत. छाप केंद्रापासून बराच सरकलेला असेल, किंवा आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिल्याने एका बाजूला उलटे, खोलगट चित्र उमटले असेल, तर त्याला जाणकार गिऱ्हाईक मिळते. मात्र दोष टांकसाळीतलाच हवा. भेगेची रेघ उठावदार असते, नंतर पडलेला चरा खोल असतो. दहाच्या नाण्याचे कडे आणि गाभा तर ठोकूनही वेगळे करता येतात. किंमत ठरवतानाही मागितलेला भाव सोडून प्रत्यक्ष विक्रीचा भावच धरावा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपले नाव वापरून शुल्क उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये दिला होता. विकण्याआधीच कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे.

आमच्या मते, किरकोळ चुकीचे नाणे बाजारात दोन रुपयांचेच आहे. अभ्यासात मात्र ते अधिक मोलाचे ठरते. वर्षाखाली चौकट (हिऱ्याचा आकार) असेल तर टांकसाळ मुंबईची, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची आणि काहीच नसेल तर कोलकात्याची, एवढे ठाऊक असले की नाणे वाचता येते. भेग वाढत जाते, म्हणून एकाच ठशाची नाणी कोणत्या क्रमाने पडली हेही रेघेच्या लांबीवरून जुळवता येते. तेव्हा नाणे डबीत ठेवावे आणि सोबतच्या चिठ्ठीवर वर्ष, टांकसाळ व दोष लिहावा. तीच रेघ थोडी लांब झालेले दुसरे नाणे हाती आले, की त्या चिठ्ठीचे मोल कळेल.