डिस्चार्ज कार्ड वाचता येईल असे शिकवा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



मेडिकल कोडिंग आणि बिलिंगचे एक नीट प्रशिक्षण कराड परिसरात सुरू करावे, एवढ्या मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. चार ओळींचे निवेदन देऊनही भागले असते. पण निवेदनावर शिक्का बसतो आणि ते फायलीत जाते. शिवाय हा विषय आमच्याकडच्या आईवडिलांच्याही कानावर जायला हवा, म्हणून पत्र जाहीर केले आहे.

मी उंब्रजला राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. बी.एस्सी., बी.फार्म., नर्सिंग केलेली, एखाददुसरी बीएचएमएस झालेली जुनी मुले-मुली अजून घरी येतात आणि मोबाइलवरची जाहिरात पुढे धरून विचारतात, "सर, हे खरं असतं का?" जाहिरातींचा मजकूर इकडून तिकडे सारखाच असतो : काही आठवड्यांत मेडिकल कोडर व्हा, शंभर टक्के नोकरी, अमेरिकन कंपनी, एसी ऑफिस. क्लास पुण्यात, नाहीतर ऑनलाइन. फी मात्र अशी की घरात आलेल्या उसाच्या बिलाला मोठे भगदाड पडावे.

मी त्यांना सांगतो की काम खरे आहे, जाहिरात खोटी आहे. पुढचे सगळे पत्र या उत्तराचा खुलासा आहे.

अमेरिकेत डॉक्टरने रुग्ण तपासला की त्याचे पैसे बहुतेक वेळा रुग्ण नव्हे, विमा कंपनी किंवा सरकारी योजना देते. ती मागते कोड. आजाराचा एक, केलेल्या उपचाराचा दुसरा. आजारांचे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी' या वर्गीकरणातून येतात. त्याचे मूळ १८९३ साली जाक बर्तियाँ यांनी मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. उपचारांचे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या 'सीपीटी' या संचात असतात. तो संच १९६६ पासून निघतो. डॉक्टरांचे टिपण वाचून योग्य कोड लावणारा तो कोडर. ते बिल पाठवणारा, नाकारले गेले तर का नाकारले याचा माग काढून वसूल करणारा तो बिलिंगवाला. १ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेने आयसीडीची नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली, तेव्हा तिथले आजारांचे कोड सुमारे १४,००० वरून ७०,००० च्या घरात गेले. हे काम करणारी हजारो माणसे आज चेन्नईत, हैदराबादेत बसतात. कोइमतूर आणि तिरुचिरापल्लीतही बसतात, आणि ती काही चेन्नई-हैदराबादएवढी मोठी नव्हेत. कराड-साताऱ्याच्या मुलांना मात्र यासाठी पुण्याला खोली भाड्याने घ्यावी लागते.

क्लासवाले हे काम संगणकाचे म्हणून विकतात. संगणकाचा त्यात वाटा थोडा. ते वाचनाचे काम आहे आणि वाचायचे असते वैद्यकशास्त्र.

उदाहरण घ्या. टिपणात लिहिले आहे : टाइप टू मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, तिसरा टप्पा. पाठांतरावर वाढलेला मुलगा मधुमेहाला 'ई११.९' लावतो, म्हणजे गुंतागुंत नसलेला मधुमेह, आणि मूत्रपिंडाचा कोड वेगळा टाकतो. दोन्ही आजार कागदावर आहेत, दोन्ही कोड पुस्तकात आहेत, तरी उत्तर चूक. अमेरिकी नियमावली सांगते की हे दोन आजार एकत्र नोंदले असतील तर त्यांचा संबंध धरूनच चालायचे, डॉक्टरने तसे स्पष्ट लिहिले नसले तरी. संबंध नाही असे लिहिले असेल तरच वेगळे करायचे. म्हणून कोड 'ई११.२२', आणि त्याच्या जोडीला मूत्रपिंडाचा टप्पा सांगणारा कोड. रुग्ण इन्सुलिनवर असेल तर त्याचा आणखी एक. मधुमेह मूत्रपिंडाचे काय करतो हे ज्याला माहीत आहे, त्याला हा नियम एकदा सांगून पुरतो. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी तो हजारातला आणखी एक नियम असतो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला जातो.

दुसरा नियम याहून गमतीचा आहे. डॉक्टरने 'बहुधा न्यूमोनिया' असे लिहिले. रुग्ण बाह्यरुग्ण विभागात आला असेल तर न्यूमोनियाचा कोड लावता येत नाही. खोकला, ताप, जे दिसले तेच लिहायचे. तोच रुग्ण दाखल झाला आणि घरी सोडतानाच्या कागदावरही 'बहुधा न्यूमोनिया'च राहिला, तर न्यूमोनिया आहे असे धरून कोड लावायचा. शब्द तेच, जागा बदलली की कोड बदलतो. आमच्याकडे उसाच्या सरीत साप चावणे नवे नाही. आजारांच्या कोडच्या पुस्तकात नागदंशालाही स्वतंत्र कोड आहे. चावा अपघाताने झाला की कसे, हेही कोडमध्ये येते, आणि शेवटच्या अक्षरावरून उपचार सुरू आहेत, पुढची तपासणी आहे, की चाव्यामुळे मागे राहिलेला त्रास आहे, तेही कळते. मुलांना मी हे सांगितले तेव्हा एकीने विचारले, "सर, एवढं कोण लिहितं?" डॉक्टर लिहितात म्हणूनच कोडरला वाचावे लागते, आणि डॉक्टरांनी लिहिले नसेल तर ते मनाने भरायचे नसते, डॉक्टरांना विचारायचे असते.

हे काही आठवड्यांत येत नाही. शरीररचना आणि शरीरक्रिया पक्की असलेल्या पदवीधराला सहा महिने तरी लागावेत, असे माझे शिक्षकी मत आहे. त्यातला निम्मा वेळ प्रत्यक्ष केस पेपरवर जायला हवा. क्लासमध्ये काय होते? माझी एक विद्यार्थिनी शहरातल्या अशाच एका क्लासला गेली होती. तिथे जुन्या वर्षाच्या कोडबुकांच्या झेरॉक्स वाटल्या होत्या. आजारांचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात आणि उपचारांचे १ जानेवारीला. काही कोड जातात, काही नवे येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेत कोडबुक सोबत नेता येते, म्हणून तर ते चालू वर्षाचे लागते. जुन्या झेरॉक्सवर शिकलेले पोर मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडते.

परीक्षेविषयीही जाहिरातीत अर्धेच सांगितले जाते. या क्षेत्रात सर्वाधिक मागणी असलेले 'सीपीसी' प्रमाणपत्र १९८८ साली स्थापन झालेली 'एएपीसी' ही अमेरिकी संस्था देते. १०० प्रश्न, ४ तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. पण अनुभव नसलेला उमेदवार पास झाला तरी त्याच्या प्रमाणपत्राला 'ए' हे अक्षर चिकटते, म्हणजे शिकाऊ. ते काढायला अनुभव लागतो, आणि अनुभवासाठी नोकरी लागते. नोकरी देणारे पुष्कळदा 'ए' नसलेला माणूस मागतात. या कोंडीचा जाहिरातीत उल्लेख नसतो, आणि सरकारी प्रशिक्षणाची गरज नेमकी इथेच आहे.

कारण अनुभवाची जागा आमच्या दारात आहे. उंब्रजपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कराड. तिथे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे. लगतच्या मलकापुरात १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालवणारी कृष्णा संस्था आहे, जी आज कृष्णा विश्व विद्यापीठ आहे. साताऱ्यात शासनाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. शिवाय महामार्गाच्या कडेने खासगी रुग्णालये आहेतच. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरचे अपघात, शेतातले सर्पदंश, फवारणीची विषबाधा, मधुमेह, डायलिसिस, बाळंतपणे : कोडिंग शिकायला याहून भरगच्च अभ्यासक्रम कुठला हवा? या रुग्णालयांच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात, रुग्णाचे नाव-पत्ता झाकून, मुलांना केस पेपर वाचायला बसवता येईल. नाव झाकण्याबाबत मात्र तडजोड नको. २०२३ साली देशात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि रुग्णाचे गुपित सांभाळणे हा तर या कामाचा पहिला धडा आहे.

शिवाय हे काम फक्त अमेरिकेचे राहिलेले नाही. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या दाव्याचा जो अर्ज रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात मुख्य आजार, सहआजार आणि शस्त्रक्रिया यांच्या कोडचे रकाने आहेत. ते कोण भरते, कसे भरते, हे कोणत्याही रुग्णालयाच्या कॅशलेस काउंटरवर उभे राहून पाहावे. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले की कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्या आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत. पण रुग्णालयाकडून गेलेला कागदच अर्धवट असेल तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून फिरते आणि नातेवाईक पिशव्या भरून बाकावर बसून राहतात. आपली सरकारी योजनाही याच वाटेने चालते. २०१२ मध्ये राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालेली ही योजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. ठरलेल्या उपचारांची यादी, पूर्वमंजुरी, कागदपत्रे, दावा, त्रुटी, पुन्हा दावा. योजनेचा आरोग्यमित्र रुग्णाला वाट दाखवतो. पण रुग्णालयाच्या बाजूने दावा नीट बांधणारे प्रशिक्षित हात फार थोडे आहेत. दाव्याचे पैसे अडकले की रुग्णालये योजनेला कंटाळतात, आणि रुग्णालय कंटाळले की भोगायचे गरिबाने. म्हणून आमच्या मुलांनी आधी डिस्चार्ज कार्ड वाचायला आणि इथले दावे बांधायला शिकावे. अमेरिकेचे कोड त्याच पायावर पुढे चढवता येतील.

इंग्रजीचा बाऊ केला जातो, त्याविषयीही लिहायला हवे. बिलिंगमधल्या ज्या कामात अमेरिकेतल्या विमा कंपनीशी फोनवर बोलायचे असते, तिथे बोलीभाषा लागते आणि पाळी रात्रीची असते. कोडिंगमध्ये बोलणे कमी, वाचणे जास्त, आणि काम बहुतेक ठिकाणी दिवसाचे. मराठी माध्यमातून शिकून बी.एस्सी.ला इंग्रजी पुस्तके वाचलेल्या मुलीला हे जमते. लग्नानंतर गाव सोडता येत नाही म्हणून नोकरीचा विचार सोडलेल्या कितीतरी हुशार मुली या पट्ट्यात आहेत. त्यांना वाचनावर तपासा, फाडफाड बोलण्यावर नको.

आता तुमच्या अधिकाऱ्यांकडून येऊ शकणारी शंका. यंत्रेच कोड लावू लागली आहेत, मग शिकवायचे कशाला? शंका रास्त आहे. २००० सालाच्या आसपास मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे असेच पेव फुटले होते. डॉक्टरांचा आवाज ऐकून टाइप करायचे काम. गल्लोगल्ली क्लास निघाले, फिया गेल्या, आणि पुढे आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या कामाचा मोठा भाग खाल्ला. साधे, सरळ कोड यंत्र लावेल यात मला शंका नाही. यंत्राने लावलेला कोड टिपणाशी जुळतो का हे पाहणारा, नाकारलेल्या दाव्याचे कारण शोधणारा, डॉक्टरला नेमका प्रश्न विचारणारा माणूस मात्र लागेल. तो पाठांतराने तयार होत नाही. झटपट क्लासमधून निघालेल्यांची नोकरी आधी जाईल, ज्याला वैद्यक वाचता येते त्याची उशिरा. म्हणून प्रशिक्षण खोल हवे.

यासाठी नवे खाते किंवा नवी इमारत मागत नाही. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्याच्या अनुसूचीत क्लिनिकल कोडर हा व्यवसाय नावानिशी आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातल्या ३४ जिल्ह्यांत ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. चौकट आहे, पैसा आहे. कराड परिसरातल्या एका केंद्रात सहा महिन्यांचा कोडिंग-बिलिंगचा वर्ग सुरू करा, शिकवायला शरीरशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रत्यक्ष काम केलेला कोडर अशी जोडी द्या, चालू वर्षाची पुस्तके द्या. वर्ग संपल्यावर विद्यावेतनाच्या योजनेतून मुलांना रुग्णालयांच्या रेकॉर्ड आणि दावा विभागांत बसवा आणि त्या कामाचे रीतसर अनुभवपत्र मिळेल असे पाहा. परीक्षेची फी पास झालेल्याला परत करा. नापासाला नको, तेवढी कडकाई मला शिक्षक म्हणून मान्य आहे.

जाहिरातींचेही बघा. 'शंभर टक्के नोकरी' असे छापणाऱ्या क्लासने मागच्या तुकडीतल्या किती जणांना, कोणत्या पदावर, किती पगारावर नोकरी लागली हे त्याच जाहिरातीत छापावे, असा नियम करायला कुठलाही खर्च येत नाही.

येत्या जूनमध्ये पदवीच्या निकालांनंतर मुले पुन्हा माझ्याकडे येतील. त्याआधी एक तुकडी मंजूर करावी, ही विनंती. सुरुवातीचे शरीरशास्त्राचे तास विनामोबदला घ्यायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक
उंब्रज, ता. कराड, जि. सातारा