सरपंचबाई कोठे आहेत?

गेल्या वर्षी शाळेच्या समारंभाचे निमंत्रण घेऊन आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी गेलो होतो. गावच्या सरपंच एक पावरा बाई. आम्ही पत्रिका त्यांच्या यजमानांच्या हाती दिली, अर्धा तास त्यांच्याशीच बोललो आणि चहा घेऊन उठलो. आमच्याबरोबर त्याच गावची, नववीत शिकणारी एक मुलगी होती. वाटेत ती म्हणाली, “गुरुजी, चहा घेऊन आल्या त्याच सरपंचबाई. पत्रिकेवर नाव कोणाचे होते?” नाव बाईंचे होते. आम्ही निरुत्तर झालो.

कायद्याने आपले काम पुष्कळसे केले आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत व सरपंचपदांतही स्त्रियांस एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली तो वाटा निम्म्यावर नेला. शिरपूर तालुक्यातील डोंगराकडची कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात; तेथील ग्रामसभेस १९९६ च्या पेसा कायद्याने विशेष अधिकार आहेत. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची निराळी सभा भरवावी, असाही नियम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीचा पट्टा पतिपत्नी दोघांच्याही नावे होतो. नाव कागदावर आले. बोलणारे मात्र ‘सरपंचपती’च राहिले, आणि त्यांस खुर्ची देणारे आम्हांसारखे सुशिक्षितच!

डोंगरातल्या बायांस कारभार काय कळणार, असे म्हणणारे पालक आम्हांस भेटतात. त्यांनी शहाद्याचा इतिहास आठवावा. (तो तालुका त्या काळी आपल्याच धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा निराळा झाला १९९८ साली.) अंबरसिंग सुरतवंती व त्यांचे सहकारी यांनी भिल्लांच्या जमिनीसाठी व मजुरीसाठी चळवळ उभारली, १९७२ साली तेथे श्रमिक संघटना स्थापन झाली. चळवळ जमिनीची, पण तीत उतरलेल्या बायांनी दारूचा प्रश्न पुढे आणला. मजुरी गुत्त्यावर जाते आणि रात्री पाठीवर मार बसतो, हे दुःख चारचौघांत बोलले गेले. बोलूनच त्या थांबल्या नाहीत. जथ्याजथ्याने गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली व बायकोस मारणाऱ्यांस जाब विचारला. त्यांच्यासाठी तेव्हा एकतृतीयांश जागा नव्हत्या, निम्म्या तर नव्हत्याच. आणि अक्षरओळख फारच थोड्या जणींस होती.

तेव्हा धैर्याची वाण नाही. वाण आहे ती इतिवृत्त व जमाखर्चाची वही स्वतः वाचून सही करण्याची. सही कोठे करावयाची हे नवऱ्याने बोटाने दाखवावे आणि बाईने करावी, यास कारभार म्हणता येत नाही. १९९५ नंतर जन्मलेल्यांस सरपंचपदासाठी सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. असे असता दिवाळीनंतरचा आमचा हजेरीपट पाहावा! कोणी ऊसतोडीस, कोणी कापूस वेचण्यास. आणि धाकट्या भावंडास सांभाळावयास घरी राहते ती बहुधा मुलगीच. गरिबी आम्ही जाणतो; पण त्याच घरचा मुलगा वसतिगृहात राहू शकतो, तर मुलगीच का नाही, एवढे तरी पालकांनी सांगावे.

सपाटीवरील पालकांनीही फार फुशारून जाऊ नये. डोंगरात वरपक्ष वधूच्या बापास देज देतो. ती चालही निर्दोष नाही, कारण विकत आणलेली म्हणून बाईस ऐकवले जाते. परंतु १९६१ च्या कायद्यानंतरही मुलीच्या बापाकडून हुंडा घेणाऱ्यांनी पावऱ्यांस मागासलेले म्हणावे, हे आम्हांस मोठे चमत्कारिक वाटते.

असो. यंदा पत्रिका त्याच मुलीच्या हाती दिली आणि आम्ही मागे उभे राहिलो. ती बाईंशी पावरी बोलीत बोलली. यजमान ओट्यावरून काही सांगू लागले, तोच बाईंनी हाताने त्यांस थांबविले व तारीख पुन्हा वाचावयास लावली. त्या दिवशी गावात स्त्रियांची सभा ठेवली आहे, समारंभ एक दिवस पुढे नेता येईल काय, असे त्यांनी विचारले.

आम्ही तो पुढे नेला.