शीतकपाटातील शिदोरी

शिरूर तालुक्यातील रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांच्या यात्रेकरूंना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. परंतु त्याच गावच्या शिवारात उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तिन्ही कंपन्यांची शीतकपाटे तयार होऊन देशभर रवाना होतात, ही गोष्ट तालुक्याबाहेर फारशी कोणाच्या गावी नसते. ज्या पर्जन्यछायेच्या मुलखात अन्न टिकवायचे म्हणजे ते उन्हात वाळवायचे, एवढी एकच विद्या शतकानुशतके चालत आली, तेथूनच अन्न गोठविण्याची यंत्रे बाहेर पडू लागावीत, आणि तरीही आमच्यासारख्यांच्या घरी त्या यंत्राच्या वरच्या कप्प्यात बर्फाचे साचे, मटारची पिशवी आणि पोरांची कुल्फी यांपलीकडे काही सापडू नये, यात मला आमच्या स्वयंपाकघरांच्या व्यवस्थेतील एक उणीव दिसते.

सकाळच्या पाळीची हजेरी गाठायची तर शिरूर, न्हावरे, शिक्रापूर या बाजूंनी निघणाऱ्या कामगारांच्या गाड्या पहाटेच रस्त्याला लागतात; पलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांची तीच तऱ्हा; आणि खुद्द दौंड तर १८७८ साली मनमाडचा मार्ग खुला झाल्यापासूनचे जंक्शन, जिथून पुण्याच्या कचेऱ्या, दुकाने आणि इस्पितळे गाठणारी मंडळी उजाडण्यापूर्वी फलाटावर उभी असतात. या सर्वांच्या हातातील डब्याचा जमाखर्च मांडला, तर खर्चाच्या बाजूला घरातील कोणा तरी स्त्रीची पहाटेची झोप लिहिलेली आढळेल, आणि ती बाकी वर्षानुवर्षे थकलेली असूनही तिच्या वसुलीचा तगादा कोणी लावलेला नाही.

आमच्या कुटुंबात हा विषय निघाला तो दौंडच्या भाच्यामुळे. डॉक्टरांनी त्याला दूध आणि दुधाचे यच्चयावत पदार्थ वर्ज्य करण्याचा हुकूम दिला. दुधातील शर्करा पचविणारे विकर बालपणानंतर पुष्कळांच्या आतड्यात क्षीण होत जाते, आणि अशी माणसे आपल्या देशातही थोडीथोडकी नाहीत. तेव्हा यात आजारापेक्षा देहस्वभावाचा भाग अधिक. परंतु खडकवासल्याच्या कालव्याने जिथे ऊस आणला, उसाच्या वाढ्यांवर जिथे संकरित गाई पोसल्या गेल्या, आणि दुधाच्या पगारावर जिथे मुलांच्या शाळांची फी भरली जाते, त्या तालुक्यात दुधाविना जेवण ही कल्पनाच घरच्यांना अशुभ वाटली. दहीभात गेला, कढी गेली, खिचडीवरची तुपाची धार गेली. वाटेवरच्या शिदोरीची दशमी, तीही दुधात पीठ मळून केलेली, म्हणून गेली. मग डब्यात द्यायचे काय, हा प्रश्न घरात दोनतीन दिवस एखाद्या सरकारी प्रकरणासारखा नुसताच फिरत राहिला.

वस्तुतः त्याचे उत्तर कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या जिरायत शेताने केव्हाच देऊन ठेवले आहे. शिरूरच्या कोरडवाहू भागात बाजरी, मटकी आणि हुलगा ही पिके हलक्या जमिनीवर आणि अपुऱ्या पावसावर येत असल्यामुळे तेथील गरिबाचे जेवण दुधावर कधी अवलंबून नव्हतेच. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे आणि तिखट घालून घट्ट मळावे, हातावर त्याची वेटोळी वळावीत आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडून द्यावीत, म्हणजे एकाच पातेल्यात रस्साही होतो आणि पोटभरीचा ऐवजही. हेच आमचे शेंगोळे. बाजरी ओलसर करून सडावी, कोंडा पाखडून टाकावा, आणि मुगाची डाळ, शेंगदाणे व ओला घेवडा यांसह ती शिजवावी, की खिचडी तयार. भिजवून मोड आणलेली मटकी, तांदूळ, गाजर आणि शेवग्याच्या शेंगा एकत्र शिजविल्या, तर ज्याला शहरातील मासिके परिपूर्ण आहार म्हणतात तो एका भांड्यात सिद्ध होतो. आंबटपणासाठी दह्याऐवजी चिंच किंवा आमसूल आणि स्निग्धतेसाठी तुपाऐवजी तिळाचे वा शेंगदाण्याचे कूट घातले, म्हणजे काही वगळल्याची खंत जिभेला राहत नाही.

दूध सोडले की हाडांचे काय, अशी शंका सुज्ञ वाचक काढतील आणि ती रास्त आहे. ज्या हुलग्याला घोड्याचे खाद्य म्हणून आपण हिणवतो, त्याच्या १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आणि २५० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. गाईच्या तितक्याच दुधात कॅल्शियम साधारण १२० मिलिग्रॅम. शिजताना दाणा पाणी पितो आणि हे प्रमाण बरेच उतरते, शिवाय कडधान्यातील कॅल्शियम दुधातल्याइतके सहज अंगी लागत नाही, म्हणून केवळ हुलग्यावर विसंबणे बरे नव्हे. परंतु नाचणी, सालासकट तीळ आणि पालेभाजी यांची जोड दिल्यास ती तूट पुष्कळशी भरून निघते.

असे जेवण रविवारी एकदाच रांधून गोठवावे, म्हणजे रोज पहाटे डब्यासाठी उठणे नको, असे मी सुचविले, तेव्हा खरी हरकत आली ती माझ्या थोरल्या बहिणीकडून, म्हणजे भाच्याच्या आईकडून. रविवारी रांधून पुढच्या आठवड्यात खायचे, हे ऐकताच आक्का म्हणाली, "शिळं ते शिळंच रे! त्याला बर्फात ठेव नाहीतर तिजोरीत ठेव." तिचा आक्षेप परंपरेच्या दृष्टीने निराधार नाही, कारण आपल्या शास्त्रांनी पर्युषित अन्नाचा निषेध केलेलाच आहे. मात्र अन्न नासते ते तारीख उलटली म्हणून नव्हे, तर उबेत सूक्ष्म जंतूंना वाढीस सवड मिळते म्हणून. आणि शून्याखाली १८ अंश तापमानात ते मरत नसले, तरी त्यांची वाढ पूर्ण थांबते. पहाटे भरलेला आणि दुपारी उघडलेला कोंबट डबा ताजा मानायचा, आणि निवताक्षणी गोठवून खाण्यापूर्वी उकळलेले अन्न शिळे मानायचे, या न्यायनिवाड्याची फेरतपासणी व्हावी, एवढेच माझे आक्काला सांगणे होते.

अर्थात या कामाचे काही नियम आहेत आणि त्यांत कुचराई चालत नाही. भातात असे बीजाणू असतात की ते शिजूनही जिवंत राहतात आणि कोमट भात त्यांना मानवतो. म्हणून पातेले ओट्यावर रात्रभर न ठेवता अन्न पसरट भांड्यांत काढावे, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवावीत आणि दोन तासांच्या आत थंडीत घालावीत. पाणी गोठताना फुगते, तेव्हा डबा काठोकाठ भरू नये. बटाटा गोठून सुटला की रवाळ आणि पाणचट होतो, तो घालूच नये. कोथिंबीर काळवंडते, ती खाताना ताजी पेरावी. शेंगोळे रस्सा पिऊन घेतात, म्हणून तो मुळातच सैल राखावा. एका जेवणाचा एक डबा करून त्यावर तारीख लिहावी, आदल्या रात्री तो खालच्या कप्प्यात उतरवावा, सकाळी चांगली उकळी आणून उष्णता धरून ठेवणाऱ्या डब्यात भरावा, आणि एकदा सुटलेले अन्न पुन्हा गोठवू नये. एकदारी शीतकपाटाच्या लहानशा बर्फकप्प्यात आवश्यक तेवढी थंडी सहसा साधत नाही. तेथे मुदत आठवड्याचीच धरावी, तर स्वतंत्र थंड कप्प्यात दोन महिने खुशाल धरावेत. वीज गेल्यास दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. शिगोशीग भरलेला मोठा कप्पा बंद राहिला तर सुमारे दोन दिवस आपली थंडी राखतो, अर्धा भरलेला एक दिवस.

एवढा बंदोबस्त झाल्यावर एक मसलत उरते, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. रविवारचे ते मोठे पातेले पुन्हा त्याच स्त्रीने चढवायचे असेल, तर तिचे श्रम कमी न होता फक्त त्यांचा वार बदलेल. एका भांड्यातल्या स्वयंपाकाला पोळ्यांसारखा सराईत हात लागत नाही. निवडणे, चिरणे, मोजून पाणी घालणे आणि वेळेवर आच बंद करणे, ही कामे कारखान्यात यंत्र सांभाळणाऱ्या किंवा कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या कोणाही पुरुषाच्या आवाक्यातील आहेत. भाच्याला मी तेच सांगितले, आणि तो सध्या आपल्या डब्याचे शेंगोळे स्वतः वळतो. ते लांबीला एकसारखे होत नाहीत, अशी आक्काची तक्रार आहे, पण पहाटे उठण्याची सक्ती सुटली याबद्दल तिने अद्याप एकही तक्रार केलेली नाही.