ठपका ठेवायचा कोणी?

२०१७ च्या जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने न्हावा-शेवा बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प केले. मारा युक्रेनवर होता. कंटेनर अडले आपल्या दारात. ब्रिटन-अमेरिकेने २०१८ मध्ये रशियन लष्कराचे नाव घेतले, २०२० मध्ये अमेरिकेने सहा अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, तर युरोपीय संघाने निर्बंध लादले. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-एफ सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगते, कलम ७५ परदेशस्थ गुन्हेगारापर्यंत पोचते, कागदावर. परकीय सरकारवर ठपका कोणी, कोणत्या पुराव्यावर ठेवायचा आणि मग कोणाची खाती गोठवायची, यावर हा कायदा गप्प आहे.

अशी तरतूद केली तरी मॉस्कोतला अधिकारी मुंबईच्या कोर्टात थोडाच उभा राहणार, असा आक्षेप येईल. खरा आहे तो. पण निर्बंधांचा रोख अटकेवर नसतोच. प्रवास आणि पैसा यांवर असतो. चुकीच्या देशाकडे बोट दाखवले जाण्याची भीती अधिक गंभीर. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याने पुढे सायबर घातपाताचा संशय मांडला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. म्हणूनच पुराव्याची कसोटी कायद्यात लिहावी आणि निर्बंधांना न्यायालयात आव्हान देण्याची वाटही ठेवावी.