हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत काठ्यांचा आवाज सुरू होई. वर्षातून एकदा प्रत्येक निवृत्तिवेतनधारकाने समोर येऊन आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे आणि आम्ही सही-शिक्का मारून ते मान्य करायचे. कोणी नातवाच्या खांद्यावर भार टाकून येई, तर कोणाला रिक्षातून उतरवताच येत नसे. मग आम्हीच स्टॅम्पपॅड घेऊन फुटपाथवर जात असू. अशा किती दाखल्यांवर मी सह्या केल्या, कोण जाणे. पण त्या छापील कागदावर माणूस हयात आहे, एवढेच असे. कसा हयात आहे, हे विचारणारा रकाना कधी नव्हता.

त्या रकान्याची आठवण गेल्या नोव्हेंबरात काशीदला झाली. तिथे माझी आत्या राहते, वय 88. नारळी-पोफळीची लहानशी वाडी, तीही जून 2020 च्या निसर्ग वादळात निम्मी आडवी झालेली. न्यू जर्सीहून आलेला पुतण्या बरोबर होता. चहा झाल्यावर त्याने एक बाटली माझ्यापुढे ठेवली. "काका, साखर नसली तरी रोज एक घ्या. म्हातारपण लांबतं. तिकडे बरेच जण घेतात." बाटलीवर नाव होते मेटफॉर्मिन. मला हसूच आले. आत्याची शेजारीण हीच गोळी वीस वर्षे मधुमेहासाठी गिळते आहे. हे अमृत आहे असे तिला कोणी सांगितलेले नाही.

हसण्यावारी नेण्याजोगे हे प्रकरण मात्र नाही. म्हातारपण हा एकेक रोगाचा हिशेब न मानता, सगळ्या रोगांचे जे मूळ तेच आवरता येईल का, असा प्रश्न शास्त्रज्ञ गंभीरपणे विचारीत आहेत. त्यातली रॅपामायसिनची कथा तर कादंबरीकाराने हेवा करावा अशी. 1964 साली एक कॅनेडियन तुकडी पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जीवाणूपासून माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या शास्त्रज्ञाने एक द्रव्य वेगळे केले. हे सेहगल बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. पुढे कंपनीने ती प्रयोगशाळाच बंद केली, तेव्हा या गृहस्थांनी ते जीवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले! 1999 मध्ये मूत्रपिंडरोपणाच्या रुग्णांसाठी ते औषध अमेरिकेत मान्य झाले. आणि 2009 मध्ये तिथल्या तीन प्रयोगशाळांनी दाखवले की 600 दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने साठीच्या उंदरांना ते दिले तरी आयुष्य वाढते. दहातले नऊ उंदीर ज्या वयापर्यंत मरतात, ते वय माद्यांत 14 आणि नरांत 9 टक्क्यांनी पुढे गेले.

पण उंदीर पेन्शन घेत नाही. रॅपामायसिन रोगप्रतिकारशक्ती दाबते, म्हणून तर ते रोपणात उपयोगी. धडधाकट माणसाने ते गिळावे की नाही, हे ठरवणारा दीर्घ मुदतीचा प्रयोग झालेला नाही. मेटफॉर्मिनचेही तसेच. ते घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगतात, असे 2014 मध्ये ब्रिटनमधल्या नोंदींवरून निघाले. 2022 मध्ये डेन्मार्कच्या नोंदी तपासल्या, तर तसे काही दिसेना. 65 ते 79 वयाच्या 3,000 माणसांवर रीतसर प्रयोग करण्याची अमेरिकेतली योजना कित्येक वर्षे पैशांअभावी रखडली. गोळीचे पेटंट केव्हाच संपलेले. जिच्यात नफा नाही तिच्यावर पैसा कोण लावणार, हे जुन्या कर्ज अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

मला अडवले ते पुण्याच्या संशोधनाने. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुले यांचा मागोवा घेत आले. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची 3.5 किलोची. आमची बाळे हडकुळी, स्नायू कमी. चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. म्हणजे मधुमेहाची, पर्यायाने अकाली म्हातारपणाची, उधारी आईच्या पोटातच सुरू झालेली! याच मंडळींना पुणे परिसरातल्या बहुसंख्य पुरुषांत बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले. सर्वांत जास्त शहरी मध्यमवर्गात, म्हणजे तुमच्या-आमच्यात. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतले की हेच जीवनसत्त्व आणखी घटते. शिवाय 2019 मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढच्या माणसांना चौदा आठवडे वजने उचलायला लावली, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले. मी रोज सकाळी तासभर चालतो. साखर नसताना हा व्यवहार मला परवडत नाही. बाटली मी परत दिली. पुतण्या थोडा रागावला.

प्रयोग होऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. व्हावेत, आणि आमच्या हडकुळ्या-चरबीवाल्या देहांवर, आमच्या ताटावर व्हावेत. तो हरवलेला रकानाही कोणी भरलाच नाही असे नाही. मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे. तिने 2017-18 मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांची, त्यांच्या जोडीदारांसह 72 हजारांहून अधिक जणांची, पाहणी केली. त्यात हाताची पकड मोजली, चालण्याचा वेग मोजला, नजर तपासली. आमच्या आत्याकडे कोणी आले असते तर काय दिसले असते?

तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. काढायला हवा, हे सगळ्यांना ठाऊक होते. "आता या वयात कशाला," असे म्हणत आम्ही तीन वर्षे ढकलली. त्या 'आम्ही'त मी होतो, आणि गाठीला पैसाही होता. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिला न्हाणीघराचा उंबरा दिसला नाही. खुबा मोडला. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण पुन्हा चालायला शिकवणारा माणूस रोज काशीदपर्यंत यायला तयार होईना. महिनाभरात पाय आखडले. जी बाई ऐंशीव्या वर्षी वाडीतल्या सुपाऱ्या स्वतः वेचीत असे, ती आता खाटेवरून पडवीपर्यंत दोघांच्या आधाराने जाते. ईस्टर बेटाची माती तिच्यासाठी लागणारच नव्हती. अर्ध्या तासाचे एक डोळ्याचे ऑपरेशन लागत होते.

गुरुजींच्या माघारी तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, तेव्हा दाखला हवाच होता. हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवला की काम होते. बँकेत जावे लागत नाही. पुतण्याने फोन तिच्यापुढे धरला. पापण्या मिटा-उघडा, अशी सूचना आली. तिला ती वाचता येईना आणि पुतण्याचे ऐकू येईना. मी कानाशी जाऊन ओरडलो. तिसऱ्या खेपेला जमले.

"झालं का रे?"

"झालं, आत्या. सरकारला कळलं, तू आहेस."

"बरं," ती म्हणाली. "आता मला जरा पडवीत ने. ऊन आलं असेल."