मेथी, गुडघा आणि रात्रीचा सिनेमा

तर मंडळी, या वेळी मल्टिप्लेक्सला सुट्टी! गेल्या दीड महिन्यात मी थिएटरचं तोंडही पाहिलेलं नाही. कारण सिंपल आहे. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्या वन बीएचकेत मुक्कामाला आली. दिवसा ती, वॉकर आणि फिजिओ. मी लॅपटॉपसमोर. रात्री नऊनंतर मात्र आम्ही दोघी, टीव्ही आणि एक सिनेमा.

आधीच सांगते, मी काही समीक्षक वगैरे नाही. कॅमेऱ्याचा अँगल, मिज-आँ-सीन हे शब्द मी फक्त पार्टीत वापरते. आणि आई तर सिनेमा बघताना कधीच नुसती बसत नाही. मांडीवर परात, परातीत मेथीची नाहीतर गवारीची रास, आणि एक डोळा टीव्हीवर. त्यामुळे आमच्याकडे स्टार-बिार नाहीत, सरळ मेथी टेस्ट. आईचे हात चालू राहिले की सिनेमा टाइमपास. हात थांबले की सिनेमा चांगला. तर हा आमच्या घरचा निकाल.

अशी ही बनवाबनवी (१९८८) : सुरुवात सेफ केली. पुण्यात भाड्याने खोली मिळेना म्हणून चार बॅचलर्सपैकी दोघं बायका बनतात, ही गोष्ट मी कितव्यांदा पाहिली ते मोजणं सोडून दिलंय. हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर तो बेतलाय, हे आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे तोंड उघडायच्या आत आमचे डायलॉग म्हणून होत होते. निकाल : अख्खी जुडी निवडून झाली, पण अर्धी देठं परातीत आणि पानं कचऱ्यात. हसण्याचा परिणाम!

द लंचबॉक्स (२०१३) : चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा आणि त्यातून सुरू झालेली चिठ्ठ्यांची देवाणघेवाण. इरफान खान नुसता डबा उघडून वास घेतो तरी आपल्याला भूक लागते. पण आईची हिरॉइन वेगळीच. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी! पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज. ‘दिसत नाही तरी बाईचा केवढा आधार आहे त्या पोरीला,’ आई म्हणाली. शेवट मात्र तिला अजिबात पटला नाही. ‘भेटले की नाही ते सांगायला काय जातं यांचं?’ निकाल : हात अधूनमधून थांबले. शेवटाचे मार्क कापले.

श्वास (२००४) : हा लावायचं धाडस होत नव्हतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला हॉस्पिटलचा सिनेमा कोण दाखवतं? पण हट्ट आईचाच. डोळ्यांच्या कॅन्सरमुळे नातवाची दृष्टी जाणार, ऑपरेशनला पर्याय नाही, आणि आजोबा त्याला त्याआधी एक दिवस जग दाखवायला घेऊन जातात. संदीप सावंत यांच्या या सिनेमाने ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीत आणलं. त्या वेळी मी कॉलेजात होते आणि रडूबाई सिनेमा म्हणून टाळला होता. चूक झाली! अरुण नलावडे यांचे आजोबा फार कमी रडतात. रडतो आपणच. निकाल : मेथी तशीच. रुमाल दोन.

कोर्ट (२०१४) : चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा मला पहिल्यांदा पाहिला तेव्हा जाम स्लो वाटला होता. कॅमेरा एका जागी ठेवून सगळे चहाला गेलेत की काय, असं. आई मात्र तीस वर्षं तहसील कचेरीत होती. तिला काहीच स्लो वाटलं नाही. ‘असंच असतं. कागद सापडेपर्यंत माणूस म्हातारा होतो.’ गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील एका शाहिराला आत ठेवण्यासाठी शांतपणे कलमं वाचते, मग लोकल पकडून घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बाई वाईट नाहीये गं. म्हणूनच भीती वाटते.’ एवढं शहाणं वाक्य मी तरी या सिनेमाबद्दल कुठे वाचलेलं नाही. निकाल : हात पूर्ण बंद.

टोकियो स्टोरी (१९५३) : आता थोडं सीरियस होते. हा यासुजिरो ओझूचा जपानी सिनेमा. ब्लॅक अँड व्हाइट, सव्वादोन तास. आईला सबटायटल्स वाचायचा कंटाळा, म्हणून मी लाइव्ह डबिंग करत होते. गोष्ट साधी आहे. गावाकडचे म्हातारे आई-वडील टोकियोत मुलांकडे राहायला येतात. मुलं वाईट नाहीत, फक्त बिझी आहेत. एका रविवारी डॉक्टर मुलगा सगळ्यांना फिरायला नेणार असतो. सगळे तयार होऊन बसतात आणि ऐन वेळी एका पेशंटसाठी त्याला जावं लागतं. बेत रद्द.

इथे माझं डबिंग बंद पडलं. कारण त्याच्या आदल्याच आठवड्यात मी आईला नाटकाला नेणार होते. दोन तिकिटं, कोपऱ्यातल्या खुर्च्या, पाय लांब करता येईल अशा. आई दुपारी तीनपासून साडी नेसून तयार होती. साडेचारला ऑफिसचा फोन आला. रिलीज अडकली. ‘जाऊ दे गं, काम आधी,’ म्हणाली आणि साडी बदलून, घडी घालून, कपाटात ठेवून आली. वॉकर घेऊन. मी हेडफोन लावून कॉलवर बसले होते, तरी तो वॉकरचा आवाज ऐकू येत होता.

‘पुढे काय म्हणतोय तो?’ आईने विचारलं. मी कसंबसं सांगितलं. पुढे थोरली मुलगी येते. तिचं केस कापायचं दुकान आहे, तिला आई-बापासाठी वेळ नाही. रजा काढून त्यांना टोकियो दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको. सिनेमा संपला तेव्हा मी वाट बघत होते की आई त्या मुलीला नावं ठेवेल. ठेवली असती तर बरं झालं असतं. पण आई म्हणाली, ‘तिचं काही चुकलं नाही. दुकान टाकून कशी येणार ती? आम्हीही कुठे आलो वेळेवर? तुझी आजी गेली तेव्हा मी इलेक्शन ड्युटीवर होते.’

हे मला माहीतच नव्हतं. आजी गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. घरात कुणी हा विषय काढलाच नव्हता. रात्री दीड वाजेपर्यंत आई बोलत होती. मेथी परातीत सुकून गेली. निकाल तुम्हीच समजून घ्या.

पुढच्या सोमवारी आई मिरजेला परत जातेय. कॅब बुक केली होती. ती कॅन्सल केली आणि मंगळवारपर्यंत रजा टाकली. ‘कशाला उगाच रजा वाया घालवतेस?’ असं तिने दोनदा म्हणून झालंय. आज सकाळी मात्र शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘लेक सोडायला येतेय.’

रविवारची रात्र शिल्लक आहे. एका सिनेमाची जागा आहे. विनोदी सुचवा प्लीज. मेथी बरीच निवडायचीय!