विहिरीला पाणी वाढले, पण कशामुळे?

दुष्काळाचा विषय निघाला की जालना तालुक्यातील कडवंचीचे नाव हमखास येते. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने, १९९६ पासून तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याची कामे झाली. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. कडवंचीचे यश आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे : एखाद्या योजनेने फरक पडला, हे ठरवायचे कसे?

डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार योजनेचेच बघा. हजारो गावांत कामे झाली, यशाचे दावेही झाले. पण ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम अल्पच राहिला, असे कॅगने २०२० च्या अहवालात म्हटले. कॅगने ६ जिल्ह्यांतील १२० गावे तपासली होती.

मग दावा आणि तपासणी यांत इतके अंतर का पडते? कारण साधे आहे. बंधाऱ्याच्या आधीची आणि नंतरची पातळी तेवढी मोजली, तर चांगल्या पावसाचे श्रेयही बंधाऱ्यालाच जाते. समजा, आपल्या गावातील विहिरींची पातळी २ मीटरने वाढली. शेजारी तसाच खडक, तसाच पाऊस, पण काम न झालेल्या गावात ती दीड मीटरने वाढली. म्हणजे कामाची खरी कमाई अर्धा मीटर!

दुसरी गोष्ट सरासरीची. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरले, तर गावाचे पाणी वाढत नाही, ते फक्त एका शेतात साठते. बागायतदाराचे उत्पन्न वाढते, गावाची सरासरीही वाढते. पण शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर मार्चमध्येच आटली, तर सरासरीत ते दिसत नाही. ज्याला जमीनच नाही, त्या घराला तर कुणी विचारतही नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. म्हणून ग्रामसभेत आपण तीन गोष्टी मागाव्यात : काम सुरू होण्याआधीची नोंद, शेजारच्या गावाशी तुलना आणि भूमिहीन व अल्पभूधारकांचा वेगळा हिशेब. सरकारी पैसा ही जनतेची अमानत आहे. तिचा हिशेब किती बंधारे बांधले यावर थांबू नये, मे महिन्यात कुणाच्या घरी पाणी होते इथपर्यंत जावा.